बावीसशे रुपयांचा जावई

१९ जून १९५७, महाड

शरद पास झाला. बी. ए., गणित घेऊन, दुसरा वर्ग. पोलादपूरहून त्याच्या आईने पेढ्यांचा पुडा पाठवला. पुडा जरा हलकाच होता, पण आजच्या दिवशी मी काही बोललो नाही.

ही वही आजपासून सुरू. दुकानाच्या कीर्दीत मीठ-मिरची, गूळ-रॉकेल सगळं लिहिलं जातं, पण मनात चाललेलं लिहायला तिथे रकाना नाही. आणि आज मनात फार चाललं आहे. पेठेत कुणी बंदरातल्या मचव्यात पैसे घातले, कुणी भातगिरणीत. मी चिंतामण, किराणा व भुसार मालाचा व्यापारी, मी गणितात घातले. चार वर्षांत बावीसशे रुपये. लोक हसत होते. आता हसा म्हणावं.

शरदचे वडील पोलादपूरला पोस्टमास्तर होते. ते गेले त्या साली पोरगा एस. एस. सी.ला पहिला आला आणि घरात पुढच्या शिक्षणाला दमडी नव्हती. आमच्यातलाच, नाकीडोळी नीटस. मी त्याच्या आईला म्हटलं, मी शिकवतो याला. पदवी घेऊन येऊ दे, मग आमच्या सरोजशी लग्न. हुंडा वेगळा नाही, शिक्षणाचा खर्च तोच हुंडा. अशी लग्नं आमच्यात पुष्कळ होतात. पण लोक आधी सुपारी फोडतात आणि मग पैसे घालतात, आणि तिथेच फसतात. मुलगा नापास झाला तर? कॉलेजातली एखादी पसंत करून बसला तर? सुपारी फुटलेली मुलगी घरात आणि पैसा पुण्यात. मी सुपारी फोडली नाही. कर्जाऊ म्हणून चिठ्ठी लिहून घेतली. पास होऊन लग्न केलं तर चिठ्ठी रद्द, नाही तर दरसाल दरशेकडा सहाने वसुली. गोदावरी तेव्हा म्हणाली होती, "अहो, जावई करताय की कूळ?" बायकांना व्यवहार कळत नाही.

सरोजही दोन वर्षांपूर्वी एस. एस. सी. झाली. गणितात केंद्रात पहिली, असं हेडमास्तर सांगत आले होते. पुढे शिकते म्हणून मागे लागली होती. मी म्हटलं, एका घरात एक पदवी पुरे. दहावीत असल्यापासून दुकानाची कीर्द तीच लिहिते. अक्षर चांगलं आहे.

२३ जून

शरदराव नमस्काराला आले. परवापर्यंत शरद म्हणत होतो, पण पदवीधराला राव लावायला काही पैसे पडत नाहीत. सरोजने चहा आणला. मी मुद्दाम कीर्द आणायच्या निमित्ताने आत गेलो, दोघांनी दोन शब्द बोलावेत म्हणून. बाहेर आलो तर शरदराव तिला परीक्षेतला एक प्रश्न सांगत होते आणि ती कपबशीच्या ट्रेवर बोटाने आकडे काढत होती. आजकालची प्रेमं अशीच असतील. असोत.

४ जुलै

घात झाला. शरदला इथल्याच हायस्कुलात जागा मिळाली आणि पगार महागाईभत्त्यासकट अठ्ठ्याण्णव रुपये. मी तीनदा विचारलं. तीनदा अठ्ठ्याण्णवच म्हणाला. गणितवाल्याचा आकडा चुकण्याची आशा धरणं हाही मूर्खपणाच.

दुकानात हैबती पोती लावत होता. हा मूळचा कुडपणचा, माझ्याकडे हमाली करून बरीच वर्षं झाली. मी सहज म्हटलं, "हैबती, तुझा चांगू मुंबईला काय मिळवतो रे?"

"गिरणीत हाय शेठ. येकशेबारा येत्यात त्याला. वर बोनस."

"शिकलाय किती?"

"चवथी नापास. मास्तर मारायचा म्हून साळंतनं पळाला." मग पोतं खाली टेकून म्हणाला, "बरा झाला पळाला त्यो."

रात्री जेवण गेलं नाही. गोदावरीने विचारलं, पोटात दुखतंय का? म्हटलं, गणितात दुखतंय.

१४ जुलै

बसून काय होणार? घातलेल्या पैशातून निघेल तेवढं काढलं पाहिजे. सरकारने एप्रिलपासून नवे पैसे काढून गोंधळ घातलाच आहे. आणे-पै जातात आणि शंभराचा रुपया येतो. गिऱ्हाईक भांबावतं, मीही भांबावतो. तेव्हा शरदला सांगितलं, शाळा सुटली की संध्याकाळी दुकानात ये आणि आण्यांचे नवे पैसे करून दे. तो लगेच हो म्हणाला. मुलगा आज्ञाधारक आहे, एवढं मात्र खरं. आता राव म्हणत नाही; अठ्ठ्याण्णव रुपयांना राव परवडत नाही.

२ ऑगस्ट

काय करून ठेवलं या पोराने! फळा आणून दुकानाच्या दारात टांगला. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस, असं सगळं मोठ्या अक्षरात. अक्षर सरोजचं. आता, एका आण्याचे सव्वासहा होतात हे जगजाहीर आहे. पाव पैसा कुणाकडे नसतो, म्हणून मी सात घेत होतो. सगळी पेठ घेते. यात लबाडी कसली, सोय आहे.

शिवथरची प्रयागबाई दर आठवड्याला लोणी घेऊन येते आणि काडेपेट्या, हळद नेते. आज तिने फळ्यापुढे उभं राहून एका शाळकरी मुलीकडून वाचून घेतलं आणि ओरडली, "शेठ, आण्याला सा पैसं हायत का! मंग मागल्या खेपंस सात कशापायी घेतलंस माझ्याकडनं? चार वक्तांचं चार पैसं दे माझं."

दिले. सगळ्यांच्या देखत दिले. सरोज कीर्दीत तोंड घालून हसत होती.

१६ ऑगस्ट

मान्य करायला जीवावर येतं, पण गिऱ्हाईक वाढलं आहे. फळा वाचायला येतात आणि काहीतरी घेऊन जातात. समोरच्या दुकानदाराने विचारलं, फळा कितीला केलास? म्हटलं, बावीसशेला.

१२ सप्टेंबर

आज पाळत ठेवली. दुकान बंद केल्यावर शरद आणि सरोज दिव्यापाशी पाटी घेऊन बसतात, त्याला आता महिना झाला. लग्नाआधी फार जवळीक बरी नाही, म्हणून गुळाच्या ढेपांमागे उभा राहून ऐकलं. दोन समांतर सरळ रेघा कितीही लांबवल्या तरी एकमेकींना भेटत नाहीत, हे कशावरून, यावर तासभर भांडण. एकमेकांना न भेटणाऱ्या रेघांवर! सरोज त्याला म्हणत होती, "तुम्ही गृहीत धरताय मास्तर, सिद्ध नाही करत." आणि तो खूश. मुंग्या चावल्यावर मी ढेपांमागून निघालो.

गोदावरीला सांगितलं, काळजी नको, दोघांची मनं छान जुळली आहेत. ती म्हणाली, "तुम्हाला दिसतंय ते बघा म्हणजे झालं."

दिवाळीचा पाडवा

वह्यापूजन झालं. पूजेला पोलादपूरचे लॉरीवाले आले होते. जंगलाचा ठेका, कोळशाचा धंदा, आता स्वतःची नवी लॉरी. लाल रंग, पुढे लिंबू-मिरची. त्यांचा मुलगा मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोनदा उठला. निघताना ते म्हणाले, "चिंतामणशेठ, तुमची सरोज आमच्या मनात आहे. हुंडा काय, तीन हजारांत भागवू."

रात्रभर विचार केला. तीन हजार जास्त आहेत खरे. पण शरदला सोडलं तर चिठ्ठीवर बावीसशे आणि व्याज परत येतं. म्हणजे पदरचे थोडेच, आणि जावई लॉरीचा मालक. चिठ्ठी लिहून घेतली म्हणून हे जमतंय. सुपारी फोडली असती तर आज हात बांधलेले असते. स्वतःची पाठ थोपटता येत नाही, हाताची लांबी अपुरी पडते.

१० नोव्हेंबर

शरदला सांगितलं. नीट शब्दात सांगितलं: तुझी परिस्थिती बघता लग्नाचा भार तुझ्यावर घालणं योग्य नाही, तेव्हा आपण ते कर्जच समजू आणि महिन्याला पंचवीस दे. वाटलं होतं पाया पडेल. तो म्हणाला, "काका, नक्की ना? लग्न नाही, कर्ज?" मी म्हटलं नक्की. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "तसं दोन ओळी लिहून द्याल?" दिल्या. आपण व्यवहाराला चोख.

सरोजला सांगितलं तेव्हा ती रडेल म्हणून गोदावरीला जवळ बसवलं होतं. सरोजने विचारलं, "मास्तर संध्याकाळी यायचे थांबतील का?" म्हटलं, नाही, नव्या पैशांचं काम चालूच राहील. "मग बरं," म्हणाली आणि कीर्द लिहायला गेली. मुलगी समंजस आहे, माझ्यावर गेली.

१ डिसेंबर

पहिले पंचवीस आले. पोरगा हसत देऊन गेला. कर्जफेड करणारा हसताना मी अजून पाहिलेला नव्हता.

१९ जानेवारी १९५८

झालं ते जसंच्या तसं लिहितो.

आज लॉरीवाले मुलगी बघायला आले. बाप, आई, मुलगा, आत्या. सरोज नऊवारी नेसून पोहे घेऊन आली. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, सगळं रीतसर झालं. मग बाप मोठेपणाने म्हणाला, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे हो. आम्ही सुधारक आहोत." हे सगळेच म्हणतात. मुलीने मान खाली घालून नाही म्हणायचं, ही रीत आहे.

सरोजने मान वर केली आणि म्हणाली, "लॉरीचा हप्ता किती आहे?"

मला वाटलं, कौतुकाने विचारते आहे. बापालाही तसंच वाटलं. त्याने सांगितला. मग खेपेचं भाडं विचारलं, ते वाढवून सांगितलं. मग तेल, ड्रायव्हर, क्लीनर, टायर. मग पावसाळ्यात घाटात दरडी कोसळून कोळसा किती दिवस पडून राहतो. तो फुशारकीत सांगत गेला आणि ही पदराच्या टोकाला गाठी मारत गेली. शेवटी म्हणाली, "म्हणजे वर्षाला लॉरी आठशे रुपये तोट्यात चालते. तीन हजार हुंड्यातून हप्ते भरायचे असतील, तर तेही चार वर्षं पुरायचे नाहीत."

आणि तो मुलगा, दोनदा बसून दोनदा उठलेला, पोह्यांतून मान वर काढून म्हणाला, "मी हेच सांगतोय दादांना. त्यांना पटत नाही."

बाप उठला. आत्याने बशीतले उरलेले पोहे संपवले आणि मग ती उठली. दारात लॉरीवाले मला म्हणाले, "शेठ, मुलगी आहे का मामलेदार?"

मी सरोजला नको नको ते बोललो. तुला दाखवायला बसवली होती, तपासणीला नाही, असं म्हणालो. ती म्हणाली, "त्यांनी विचार म्हटलं म्हणून विचारलं, अण्णा."

८ मार्च

हैबती पोलादपूरच्या बाजारातून बातमी घेऊन आला. "शेठ, ती लाल लारी नेली की! हप्तं थकलं हुतं. लारीचा मालक रस्त्यात बसून रडत हुता, पोरगा बिडी वडत हुता."

मी गल्ल्यावर बसून राहिलो. माझे तीन हजार त्या लॉरीच्या चाकाखाली गेले असते. आणि सरोज. आधी मला तीन हजार आठवले आणि मग सरोज, हे इथे लिहून ठेवतो, कारण कुणाला सांगण्यासारखं नाही. लाज वाटली.

१० मार्च

आज सरळ हायस्कुलात गेलो. मधल्या सुटीत शरदला बाहेर बोलावलं. म्हटलं, "शरदराव, झालं गेलं विसरा. या वैशाखात मुहूर्त बघू."

तो म्हणाला, "काका, राव परत लागलं म्हणजे लॉरी गेली वाटतं."

मी म्हटलं, चेष्टा पुरे, लग्नाचं बोल. तर म्हणाला, "लग्न किंवा पैसे, असं ठरलं होतं. तुम्ही पैसे घेतलेत. मी दर महिन्याला देतो आहे."

"म्हणजे सरोज तुला आवडत नाही?"

कानापर्यंत लाल झाला. "आवडते. पण विकत मिळालेला नवरा म्हणून तिच्यापुढे उभं राहायची लाज वाटायची. तुम्ही मला कर्जदार केलंत त्या दिवशी मी पहिल्यांदा तिच्याशी ताठ मानेने बोललो. आणि काका, विचारायचं तर तिला विचारा. तिला अजून तुम्ही काहीच विचारलेलं नाही."

"तू विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"आधी कॉलेज, मग बघू, म्हणाली."

"आणि तू काय म्हणालास?"

"बरोबर आहे म्हणालो."

घंटा झाली आणि तो वर्गात गेला. माझ्या बावीसशे रुपयांत हे शिकून आला. चिठ्ठी माझी, अट माझी, दोन ओळी लिहून दिल्या त्याही मीच. स्वतःच्या हाताने जावई सोडवून दिला.

११ मार्च

सरोजला समोर बसवलं. गोदावरी आत भाकऱ्या करत होती, पण तिचा हात थांबलेला ऐकू येत होता.

"कॉलेजचं काय खूळ आहे?"

"खूळ नाही अण्णा. गणित घेऊन बी. ए. करायचं आहे. पुण्याला मावशीकडे राहीन. मास्तरांचं पहिल्या वर्षाचं बरंचसं शिकवून झालंय."

"आणि शिकून मिळणार काय? शरदला अठ्ठ्याण्णव मिळतात. तुला त्याहून कमी."

"कमीच मिळतील."

"मग कशाला?"

"मला येतं म्हणून."

हे काही उत्तर झालं? मी म्हटलं, पैसे कुठून आणायचे? तेव्हा ती म्हणाली, "ते बावीसशे कुणासाठी घातले होते?"

"तुझ्याचसाठी."

"मग ते परत येतायत ते माझेच. मला द्या."

मी म्हटलं, ते लग्नाचे होते, शिक्षणाचे नव्हते. तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "शरद मास्तर परके होते, पण आपले होणार म्हणून त्यांच्या शिक्षणावर घातलेत. मी आपली आहे, पण परकी होणार, म्हणून माझ्यावर घालायचे नाहीत. असंच ना?"

आत भाकरी करपल्याचा वास आला. मी उठून दुकानात जाऊन बसलो. बाजारात माझं तोंड कुणी बंद करू शकत नाही.

१५ मार्च

चार दिवस गोदावरी वाढते पण बोलत नाही. भाकरी करपलेलीच असते. आज हो म्हणून टाकलं.

२० जून

आज सरोज गेली. वरंध घाटात अजून दरड नाही, म्हणून भोरवरून जाणारी गाडी चालू होती. गोदावरीने बरोबर लाडू दिले, मी पन्नास रुपये आणि बजावून सांगितलं की जपून खर्च कर. स्टँडवर शरद आला होता. तिला एक जाड पुस्तक दिलं, स्वतःचं. मला वाटलं फुलं देईल. ती त्याला म्हणाली, "हप्ता चुकवू नका हं मास्तर, माझी फी आहे." तो हसला, तीही हसली. चार वर्षांनी ती पदवीधर होणार आणि हा अठ्ठ्याण्णवाचा मास्तर तिला चालतो की नाही ते ती ठरवणार. मी मध्ये कुठेच नाही.

गाडी सुटली तेव्हा मला रडू आलं. उघड रडलो. समोरचा दुकानदार बघत होता, बघू दे.

९ ऑगस्ट

सरोजच्या जागी महिन्यापूर्वी एक कारकून ठेवला. पन्नाशीचा माणूस, पेढीवर काम केलेला. पंचेचाळीस रुपये महिना, वर दुपारचा चहा. आज बेरीज तेरा रुपयांनी चुकली आणि ती शोधायला सबंध दिवस गेला. नव्या पैशांत तर पार कोसळतो. एक आणा म्हटलं की आढ्याकडे बघतो. प्रयागबाईने त्याला दोन पैशांना फसवलं आणि मला जाताना म्हणाली, "शेठ, पोरीला बलाव रं परत."

संध्याकाळी उगाच पेन्सिल घेऊन बसलो. पंचेचाळीस रुपये महिना. सरोज दहावीपासून पाच वर्षं कीर्द लिहीत होती. सत्तावीसशे होतात. परत गुणलं, तरी सत्तावीसशेच. तिला मी कधी एक पैसा दिला नाही. म्हणजे शरद शिकला तो माझ्या पैशाने नाहीच, हिच्या. बावीसशे त्याच्यावर गेले आणि पाचशे मी खाल्ले. वर तिलाच म्हणालो, एका घरात एक पदवी पुरे.

कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. स्वयंपाकघरात गेलो. गोदावरी चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तिला सगळा हिशोब सांगितला, आकड्यांसकट. तिने ऐकून घेतलं, भाकरी तव्यावर टाकली, हाताचं पीठ झटकलं आणि म्हणाली,

"हं. आता माझा मांडा."